शेहेचाळीस नंबरचा निगुडकर

भानुदास पेठेइतका चिक्कू माणूस दुबईतल्या देऱ्यात शोधून सापडणार नाही, असं त्याच्या ऑफिसातले लोक म्हणत. ते काही खरं नव्हतं. त्याच्याहून चिक्कू पुष्कळ होते, पण ते पुण्यातल्या फ्लॅटसाठी नाहीतर मुलांच्या कॉलेजसाठी पोटाला चिमटा घेत. भानुदास चिमटा घ्यायचा तो जयवंत निगुडकर नावाच्या एका क्रिकेटपटूच्या कार्डांसाठी. आणि हा निगुडकर कोण, हे दर वेळी समोरच्याला समजावून सांगावं लागायचं.

निगुडकर डावखुरा फिरकी गोलंदाज होता. देशाकडून नऊ एकदिवसीय सामने खेळला, त्यातले चार शारजात, आणि मग संघातून असा गेला की गेला हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. भानुदास तेव्हा नुकताच दुबईत आला होता. देऱ्यातल्या एका खोलीत आठ जण झोपायचे, आणि त्याच आठवड्यात जहाजाच्या कागदांत चूक केली म्हणून मॅनेजरने त्याला सगळ्या ऑफिससमोर गधा म्हटलं होतं. शुक्रवारी कुणाच्या तरी उरलेल्या तिकिटावर तो शारजाच्या स्टेडियमवर गेला. निगुडकरच्या एका षटकात तेवीस धावा निघाल्या. कर्णधाराने त्याला गोलंदाजीवरून काढलं आणि सीमारेषेवर उभं केलं, नेमकं भानुदासच्या स्टँडसमोर. लोकांनी त्याच्या अंगावर संत्र्याच्या साली फेकल्या, त्याच्या आईबहिणीचा उद्धार केला. निगुडकर डाव संपेपर्यंत गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला, एकदाही मागे वळला नाही, आणि ज्याने त्याला धुतला होता त्याचं शतक झालं तेव्हा त्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाकीच्यांना तो बावळट वाटला. भानुदासला वाटलं, हा माणूस आपला.

त्या काळी शारजातली एक च्युइंगगमची फॅक्टरी प्रत्येक पाकिटात एका खेळाडूचं कार्ड घालायची. पोरं मोठ्या नावांची कार्डं वहीत जपायची आणि निगुडकर सायकलच्या चाकात अडकवायची, फटफट आवाज यावा म्हणून. त्यामुळे पुढे तो दुर्मीळ झाला. आता दुर्मीळ आणि महाग यांत फरक असतो, आणि भानुदासचा सगळा कारभार त्या फरकावर चालायचा. निगुडकर कुणालाच नको होता. भानुदासला हवा आहे हे विकणाऱ्याला कळलं नाही म्हणजे झालं. म्हणून तो जुन्या सामानाच्या बाजारात अख्ख्या गठ्ठ्याचा भाव करायचा, दुसऱ्याच खेळाडूंची नावं घ्यायचा, निगुडकरकडे ढुंकून बघायचा नाही, आणि घरी आल्यावर बाकीचा गठ्ठा कचऱ्यात टाकायचा.

याहून स्वस्त वाट त्याला पुढे सापडली. या देशात कुणाची नोकरी गेली की महिन्या-दोन महिन्यांत घर आवरावं लागतं, आणि घर आवरताना वीस वर्षांचं सामान बाहेर निघतं. कुणाची नोकरी गेल्याचं कळलं की सांत्वनाला भानुदास पहिला हजर असायचा. शेजारच्या सुजीत गोऱ्यांची नोकरी गेली तेव्हा सुजीतची बायको मुग्धा खोक्यांच्या मधोमध बसून रडत होती. भानुदासने तिला पाणी आणून दिलं, दोन शब्द बोलला, आणि तिसऱ्या शब्दाला विचारलं की स्टोअररूममध्ये काय काय आहे. सुजीतच्या शारजातल्या लहानपणचा बिस्किटांचा डबा निघाला, त्यात दोन निगुडकर. मुग्धाने डबा तसाच त्याच्या हातात दिला, म्हणाली, आमची आठवण म्हणून राहू दे तुमच्याकडे. भानुदासने खाली येऊन दोन कार्डं शर्टाच्या खिशात घातली आणि आठवण बिल्डिंगच्या कचराकुंडीत सोडली.

त्याची बायको शालिनी हे सगळं बघत होती. ती एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. भानुदासने कार्ड आणलं की ती त्याचा भाव विचारायची आणि मोठ्याने रुपये करायची. "चाळीस दिरहम. म्हणजे साडेनऊशे रुपये. एका आऊट झालेल्या माणसाच्या फोटोला." गोलंदाज आऊट होत नाही, त्याला फटके बसतात, असं भानुदासने एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, तेच ते. सहा वर्षं तिने नवीन सोफा मागितला नाही, याचा भानुदासला अर्थ लागला तो असा की जुना सोफा चांगला आहे.

निगुडकरची एकूण चौदा वेगवेगळी कार्डं निघाली होती. तेरा जमली. चौदावं म्हणजे शेहेचाळीस नंबर. त्याची गोष्ट अशी की फॅक्टरीने शेवटची मालिका छापायला घेतली आणि त्याच आठवड्यात निगुडकरला संघातून काढलं. फॅक्टरीवाल्यांनी छपाई थांबवली, निगुडकरला उपटला आणि त्याच नंबरावर एका यष्टिरक्षकाला बसवलं. पहिली काही खोकी तेवढी बाजारात गेली होती. या देशात शेहेचाळीस नंबरचा निगुडकर असलेला एकच माणूस भानुदासला ठाऊक होता, आणि तो फुजैऱ्याला राहायचा.

याकूब त्याचं नाव. कराचीचा म्हातारा, बंदरावर जहाजांना किराणा पुरवून निवृत्त झालेला, शारजाच्या जुन्या क्रिकेटचा सगळा पसारा घरात भरून बसलेला. सुट्टीच्या दिवशी भानुदास शारजाहून बसने डोंगर ओलांडून त्याच्याकडे जायचा. याकूब त्याला चहा पाजायचा, कार्ड दाखवायचा, हातात द्यायचा नाही. भानुदासने कधी नव्हे ती पैशांची भाषा केली, तेव्हा याकूब हसला. "भानुभाई, पैसे तो मेरे पास भी हैं. तुम उस दिन स्टेडियम में थे ना? वो टिकट लाओ."

ते तिकीट भानुदासने पाकिटात, लग्नाच्या फोटोच्या मागे, इतकी वर्षं ठेवलं होतं. त्या दिवशी आपण तिथे होतो याचा तेवढाच पुरावा त्याच्याकडे होता. पुढच्या शनिवारी त्याने ते नेऊन दिलं. याकूबने चहाच्या बिलासारखं वरच्या खिशात सरकवलं आणि खलास, सौदा पक्का, म्हणाला. परतीच्या बसमध्ये भानुदासने कार्ड पाच वेळा बाहेर काढून बघितलं. निगुडकरने चेंडू डाव्या हातात धरला होता आणि तो कॅमेऱ्याकडे बघत होता, उद्या आपल्याला काढणार आहेत हे माहीत नसलेल्या चेहऱ्याने.

आणि त्याच हिवाळ्यात निगुडकर दुबईला यायचा होता. इथल्या मराठी लोकांच्या एका मंडळाची वार्षिक क्रिकेट स्पर्धा असते. बक्षीस समारंभाला मंडळाने दोन नामवंतांना विचारलं, दोघांनी नाही म्हटलं, आणि मग कुणाच्या तरी ओळखीने निगुडकर मिळाला, विमानाचं तिकीट आणि दोन रात्रींचं हॉटेल यावर. मंडळाचे अध्यक्ष सुरेशराव मोठे कंत्राटदार होते, माणसांना हाक मारण्याऐवजी कामाला लावायचे. पाहुण्याची माहिती कुणालाच नव्हती म्हणून त्यांनी भानुदासला गाठलं. प्रास्ताविक भानुदासने लिहून दिलं. त्याच्याकडे कार्डं आहेत हे कळल्यावर सुरेशराव म्हणाले, भानुदासराव, घेऊन या, स्टेजच्या बाजूला टेबलावर मांडू, शोभा येईल.

शालिनीने विरोध केला. हॉलमध्ये दोनशे माणसं, त्यात निम्म्यांच्या हाताला पावभाजी लागलेली, तिथे तो अल्बम नेऊ नका, असं तिने बजावलं. मुलगी ईशानी मोबाइलवरून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, जस्ट टेक फोटोज. व्हाय कॅरी द होल थिंग?"

भानुदासला फोटो दाखवायचेच नव्हते. त्याला एकच हवं होतं. निगुडकरने पाच मिनिटं शेजारी बसावं, अल्बमची तीन पानं उलटावी, शेहेचाळीस नंबर बघून विचारावं की हे तुम्हाला मिळालं कुठून, आणि मग भानुदासने सांगावं की तुम्हाला सगळे विसरले, मी नाही विसरलो. एवढं वाक्य बोलण्यासाठी तो पस्तीस वर्षं जमवाजमव करत होता. ते वाक्य त्याने आंघोळ करताना म्हणूनही बघितलं होतं.

समारंभ देऱ्यातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये झाला. निगुडकर आला. पासष्टीचा, टक्कल पडलेला, ब्लेझर जरा घट्ट झालेला, सगळ्यांना आधी स्वतःच नमस्कार करणारा. भाषण चांगलं केलं, छोटं केलं. भानुदास पहिल्या रांगेच्या टोकाला बसून त्याच्या डाव्या हाताकडे बघत होता.

घोळ झाला तो भेटवस्तूचा. मंडळाने पाहुण्यासाठी चांदीचा मुलामा दिलेली बॅट बनवून घेतली होती, आणि ती आणणारा कुणाल शारजाच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकला होता. तो फोनवर दर वेळी इन्शाल्ला दहा मिनिटं म्हणायचा. शाल झाली, श्रीफळ झालं. सूत्रसंचालन करणाऱ्या ममताने पाहुण्यांचं कौतुक दोनदा करून झालं आणि ती सुरेशरावांकडे बघायला लागली. सुरेशरावांची नजर स्टेजवरून फिरली, शेजारच्या टेबलावर गेली आणि अल्बमवर थांबली. त्यांनी माइक हातात घेतला.

"सर, आज आम्ही तुम्हाला दुकानात मिळणारी वस्तू देणार नाही. आमचे भानुदासराव पेठे, तुमचे निस्सीम भक्त, त्यांनी आयुष्यभर जमवलेला ठेवा आज ते स्वतः तुमच्या हाती सुपूर्द करताहेत."

हॉलभर टाळ्या कडाडल्या. दोन स्वयंसेवकांनी भानुदासला दंडाला धरून वर आणलं, कुणीतरी अल्बम त्याच्या हातात दिला, फोटोग्राफरने थोडं डावीकडे सरकायला सांगितलं. तिसऱ्या रांगेत शालिनी उभी राहिली होती आणि मान हलवून नाही नाही म्हणत होती. ते भानुदासला दिसत होतं. ममताने माइक त्याच्या तोंडाशी धरला आणि दोन शब्द बोला म्हणाली. हा अल्बम द्यायचा नाही, फक्त दाखवायचा आहे, एवढं बोलायचं होतं. पण दोनशे लोक टाळ्या वाजवत असताना देत नाही म्हणणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे.

"माझं भाग्य," भानुदास म्हणाला.

निगुडकरने अल्बम घेतला, कॅमेऱ्याकडे बघून हसला, भानुदासकडे बघायला त्याला वेळ झाला नाही. कारण तेवढ्यात सुरेशरावांच्या घरचे सगळे फोटोसाठी वर आले.

जेवणं सुरू झाली. निगुडकरला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. त्याने पहिलं पान उलटलं आणि खुदकन हसला. शेजारच्या बाईंना म्हणाला, बघा, किती केस होते. बाईंनी सही मागितली. सही कशावर करायची? हल्ली कुणाकडे कागद नसतो. त्यांनी पेपर नॅपकिन पुढे केला. निगुडकर म्हणाला, छे, यावर काय. आणि मोठ्या मनाने त्याने पहिल्या खिशातून एक कार्ड ओढून काढलं, काळ्या मार्करने आपल्याच तोंडावर आडवी सही ठोकली आणि बाईंना देऊन टाकलं.

बाई ते हवेत नाचवत आल्या, आणि हां हां म्हणता रांग लागली. आत्तापर्यंत निगुडकर कोण हे ज्यांना ठाऊक नव्हतं, तेसुद्धा प्लेट घेऊन रांगेत आले. भानुदास सुरेशरावांकडे धावला. ते अल्बमचं जरा, एवढं तो बोलला. सुरेशरावांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "बघा, भानुदासराव, तुमच्यामुळे किती लोकांना आनंद मिळतोय. दान असं सत्पात्री पाहिजे." तो पुढे होऊन टेबलापर्यंत जायला गेला तर स्वयंसेवक म्हणाला, काका, लाइनमध्ये या ना प्लीज.

मग भानुदास लाइनमध्ये उभा राहिला. आणि उभ्या उभ्या त्याच्यातला जुना सौदेबाज जागा झाला. निगुडकर कार्डं क्रमाने काढत होता, पहिल्या पानापासून. शेहेचाळीस नंबर तिसऱ्या पानाच्या शेवटच्या खिशात होता. बाकीचे जाऊ देत. आपण अशा जागी उभं राहायचं की आपली पाळी येईल तेव्हा तेवढंच एक उरलेलं असेल. त्याने पुढची माणसं मोजली, काढलेली कार्डं मोजली, आणि हसून मागच्यांना म्हणायला लागला, या, तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही. लोक म्हणाले, किती साधा माणूस आहे, स्वतःचं दिलं आणि वर शेवटी उभा राहतोय.

शालिनी मात्र सुरुवातीलाच रांगेत शिरली होती. ती कार्ड घेऊन त्याच्यापाशी आली. सहीच्या वर तिचं नाव होतं. तिने ते त्याच्यापुढे धरलं. "एक तरी वाचवलं. घ्या."

भानुदासने एक डोळा टेबलावर ठेवून कार्ड बघितलं. "हे साधं आहे," तो म्हणाला. "आणि आता खराबही झालं." शालिनीला गप्प करणं इतक्या वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. ती कार्ड पर्समध्ये घालून खुर्चीवर जाऊन बसली.

हिशेब बरोबर निघाला. त्याच्या पुढचा माणूस बाजूला झाला तेव्हा अल्बमची पहिली दोन पानं रिकामी होती, तिसऱ्या पानावर खालच्या कोपऱ्यात एकटा निगुडकर उरला होता. समोर खराखुरा निगुडकर बसला होता, तोंडभर हसत. त्या माणसाची ती संध्याकाळ होती. मार्कर धरून धरून त्याची बोटं काळी झाली होती आणि तो ती कुणाला तरी कौतुकाने दाखवत होता. त्याने दोन बोटांनी शेवटचं कार्ड ओढलं, मार्करचं टोपण दातांनी काढलं.

"नाव काय आपलं?"

म्हणजे त्याने ओळखलंच नव्हतं. भानुदासचं पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. तुम्हाला सगळे विसरले, मी नाही. पण त्याची नजर मार्करच्या टोकावर होती, आणि ते टोक शेहेचाळीस नंबरच्या कोऱ्या, कुठेही न दुमडलेल्या चेहऱ्यावर उतरत होतं. जगात बहुधा हे एकच इतकं स्वच्छ उरलं असेल. त्याच्या तोंडून दुसरंच वाक्य निघालं.

"साहेब, सही नको. नुसतंच द्या."

निगुडकरचा हात थांबला. "सही नको?"

"नको. कोरंच बरं आहे ते."

मागे कुणीतरी हसलं. निगुडकरही हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं, आणि काळी झालेली बोटं त्याने हळूच टेबलाखाली घेतली. "मग एवढा वेळ कशाला उभे राहिलात हो?" त्याने विचारलं, अगदी सौम्यपणे.

भानुदासला सांगायचं होतं की सहीने कार्डाचा चेहरा जातो, की हे कार्ड माझंच आहे, की त्या दिवशी मी स्टेडियममध्ये होतो. पण सगळं एकदम सांगायला गेल्यामुळे काहीच बाहेर पडेना. तोवर सुरेशरावांच्या पत्नी गिरिजाबाई घाईने आल्या आणि म्हणाल्या, सर, माझं राहिलंच की. निगुडकरने त्यांचं नाव विचारलं, शेहेचाळीस नंबरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत मोठी सही केली, आणि उठून उभं राहून त्यांना दिली. गिरिजाबाईंनी ती पर्समध्ये ओल्या टिश्यूंच्या पाकिटाखाली कोंबली.

निघायची वेळ झाली तेव्हा कार्यकारिणी दारापाशी ओळीने उभी राहिली. निगुडकरने प्रत्येकाचा हात हातात घेतला. भानुदासपाशी आल्यावर त्याने लांबूनच हात जोडले आणि तो पुढे गेला. लिफ्टपाशी त्याने सुरेशरावांना विचारलं, ते गृहस्थ कोण.

"असतात एकेक नमुने, सर," सुरेशराव म्हणाले. "मनावर घेऊ नका."

"नाही हो," निगुडकर म्हणाला. "मला सवय आहे."

भानुदास टेबलावरच राहिलेला रिकामा अल्बम छातीशी धरून दाराला टेकला होता, त्याला दोघांचंही स्पष्ट ऐकू आलं. पस्तीस वर्षं ज्याला त्याने प्लॅस्टिकच्या खिशात धूळ लागू दिली नाही, त्याचा पाणउतारा करणारा त्या अख्ख्या हॉलमध्ये एकटा तोच निघाला होता.